गाडी नसलेलं पुस्तक

१८ जून
शाळा उघडायला अजून वेळ. लोकांनी धूळपेरणी उरकली, पावसाचा पत्ता नाही.
आमच्या बंद पडलेल्या शकुंतला गाडीची गोष्ट लिहून संपवली. बाबांना वाचून दाखवली. खूष. संपल्या संपल्या म्हणाले, "गार्ड राहिला."

१९ जून
गार्ड. बाबा सांगतात ते असं. शेवटी शेवटी मधल्या स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच नव्हता. गार्ड खाली उतरायचा, तिकिटं द्यायचा, पुन्हा चढायचा. चुकलेला माणूस धावत आला तर गाडीत घ्यायचा. बाबा जिनिंगमध्ये मुनीम. कारंज्याला जाणं-येणं शकुंतलेनंच. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, सकाळी बसलं की दुपार गाडीतच.
गार्ड घातला. गोष्ट आणखी लांबली.

२३ जून
संपादकबाईंचा फोन. चोवीस पानांचं पुस्तक. सोळाचा एक फर्मा, आठचा अर्धा. नावाचं पान, छपाईच्या तपशिलाचं पान वगैरे वजा जाता जेमतेम दहा जोडपानं हातात. जोडपानाला दोन-तीन ओळी, त्याहून जास्त नको.
"माहिती भरपूर आहे," म्हणाल्या. कळलं.

२४ जून
काय काय भरलंय ते पाहिलं. किलिक निक्सन कंपनी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, पुढं बोटीनं मँचेस्टर. १९२१ साली त्याच मँचेस्टरला बांधलेलं इंजिन इकडे. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणात ही लाइन तशीच सुटली, मालकी कंपनीचीच राहिली. १५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन उतरलं, डिझेल लागलं.
सगळं खरं. सगळं मला आवडतं.
रात्री निम्मं खोडलं. मँचेस्टर नाही खोडवत. डावीकडं कापसाच्या गाठी बोटीत चढतायत, उजवीकडं बोटीतून इंजिन उतरतंय. चित्रकार पुण्याहून म्हणते, हेच जोडपान आधी काढते.

१ जुलै
शाळा उघडली. नवी पहिली रडली. गुलाबाची फुलं, पुस्तकं, गोड भात. दुपारी पाऊस आला एकदाचा.

४ जुलै
दुसरीला गोष्ट वाचली. नुसता कागद, चित्रं नाहीत. इंजिनाच्या शिट्टीपर्यंत नीट ऐकलं. मँचेस्टरला एक जण सतरंजीचे धागे ओढायला लागला, मग शेजारचाही.
विचारा काही, म्हटलं. एकच हात.
"मॅडम, गाडी आली तं बकऱ्या कुठी जातीन?"
कुठल्या बकऱ्या? रुळावरच्या. म्हटलं, ती गाडी आता येत नाही रे.
"मंग गोष्टीत काहून येते?"

५ जुलै
वर्गातल्या एकाही पोरानं ती गाडी चालताना पाहिलेली नाही. हे मला माहीत होतं. तरी लिहिताना गाडीतच बसले होते.

७ जुलै, रविवार
लाडखेडच्या अलीकडं लाइनवर जाऊन आले. तरोटा गुडघ्याएवढा. रुळ गंजून मातीच्या रंगाचे. दोन रुळांच्या बरोबर मध्ये बाभूळ, माझ्याहून उंच. बकऱ्या पुढचे पाय उचलून पाला ओरबाडत होत्या. राखणीला तीन पोरं. मोठा मोबाइलमध्ये, मधली रुळावरून तोल सावरत चाललेली, धाकटा एक पाय या रुळावर, एक पाय त्या रुळावर ठेवून उभा. अडीच फूट अंतर, पाय बरोबर पुरतात. मी लिहिलं होतं, ७६२ मिलिमीटर.
पुढं सिग्नलचा खांब. त्यावर कावळा.
फोटो काढले, चित्रकाराला पाठवले. ती रात्री म्हणाली, "ताई, गाडी कधी येते या गोष्टीत?"

९ जुलै
नव्यानं. एक मुलगी, एक करडू. करडाचं नाव चंपी. चंपी हरवते. मुलगी रुळावरून शोधत निघते.

१० जुलै
बाबांना वाचून दाखवलं. मिनिटभरात संपलं.
"यात गाडी कुठाय?"
नाही, म्हटलं.
जेवताना बोलले नाहीत.

१४ जुलै
ग्रंथालयाच्या पेटीतून माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' काढलं, पुन्हा बघायला घेतलं. त्यांचं बरं, लिहिणारा हात आणि काढणारा हात एकच. वाक्य कुठं थांबवायचं ते चित्रालाच माहीत. आमचं तसं नाही. मी इथं, ती पुण्यात, मध्ये व्हॉट्सअॅप.
तिला प्रत्येक ओळीखाली सूचना लिहून पाठवत होते. मुलीचा फ्रॉक असा, आभाळ तसं. आज सगळ्या सूचना काढल्या. तिला सुचेल ते येऊ दे.

२० जुलै
मँचेस्टर गेलं. बोट तिनं अर्धी रंगवली होती. तिचा फोन नाही.

२१ जुलै
फोन आला. "बोट मी फ्रेम करून घरात लावतेय."

३० जुलै
डवरणीचे दिवस. वर्ग अर्धा रिकामा.
दुसरीतला एक जण वहीत इंजिन काढतो, त्याला डोळे आणि हसरं तोंड. दप्तरावर थॉमस आहे, त्याचं बघून. ऑड्री नावाच्या पाद्र्यानं १९४३ मध्ये गोवरानं आजारी पडलेल्या मुलाला रिझवायला त्या गोष्टी रचल्या. मुलगा बरा झाला, इंजिनाचा चेहरा तिथून निघाला तो थेट दारव्हा तालुक्यातल्या दप्तरापर्यंत.
माझ्या वहीकडं बघून विचारतो, "तुमच्या गाडीले डोये काहून नाई?"
गाडीच नाही, बाबा.
"मंग रुळाले काढा."

३१ जुलै
रुळाला डोळे. दिवसभर डोक्यातून जात नाही. नको.

१२ ऑगस्ट
बाबांनी आपणहून विषय काढला. "एक म्हातारा स्टेशनवर बसलेला पाहिजे."
कशाला?
"गाडीची वाट पाहत."
बाबा, गाडी येत नाही.
"त्याले माहीत आहे."
सातवं जोडपान. म्हातारा बाकावर, शेजारी पिशवी. चंपी पिशवीतून काहीतरी खाते. ओळ एकही नाही.

२२ ऑगस्ट
संपादकबाईंची टिपणं आली. दोन शब्द बदला, ते सोपं. तिसरं टिपण : मुलगी रुळावरून चालते, हे छापता येणार नाही. पुस्तक कुठंही जाईल. लोकलच्या लाइनीशेजारी राहणारं मूलही वाचेल.
संतापले. बंद लाइन कुठली आणि चालू कुठली, ते इथल्या पोराला चांगलं कळतं. पुण्यात बसून हे सांगणार.

२३ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत एका पोरीनं कळंबच्या मावशीकडची गाडी पाहिल्याचं सांगितलं. "लय जोरात येते मॅडम. हवाच ढकलते." वर्धा-कळंब गाडी २०२४ च्या फेब्रुवारीतच सुरू झाली. तीच ब्रॉडगेज पुढं यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जायची आहे.
हीच पोरं इथंच असतील तेव्हा. आणि त्यांची धाकटी.
संपादकबाईंना फोन केला. बघते, म्हटलं.

२७ ऑगस्ट
काय काय करून पाहिलं. "ही लाइन बंद आहे" अशी ओळ. तहसीलच्या फलकावर शोभेल. मुलगी रुळाशेजारच्या वाटेनं चालवली. मग रुळ कशाला? आईच्या तोंडी ताकीद घातली. चंपी हरवल्यावर ताकीद कोण ऐकतं.

२ सप्टेंबर
पोळा. रात्रीपासून पाऊस, बैल भिजतच तोरणाखाली. बाबांनी खिडकीतूनच पाहिला.

३ सप्टेंबर
तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत पोरं दारोदार. एकाच्या बैलाचं चाक निखळलेलं. तो बैल काखेत धरून फिरला, बोजारा पूर्ण वसूल.
रात्री चित्रकाराचा निरोप, सोबत पेन्सिलचं चित्र. पहिलंच जोडपान. रुळांच्या मधोमध बाभूळ, अख्ख्या पानाच्या उंचीची. "हिला तुडवून कुठली गाडी येणार?"
मी फोटोत तीच पाठवली होती जुलैत.

४ सप्टेंबर
मग प्रत्येक पानावर. रुळांच्या मध्ये तरोटा, वारूळ, टिटवीची अंडी, पावसाचं डबकं. लिहायचं काहीच नाही. मी तर दोन ओळी आणखी कमी केल्या.

९ सप्टेंबर
संपादकबाई : चालेल. बाभूळ बाजूला सरकू देऊ नका, बरोबर मध्ये. आणि जोडपानाच्या शिवणीत जाणार नाही असं बघा. बुंधा शिवणीत गेला की झाड नाहीसंच होतं.
आता बाभूळ रुळांच्या मध्ये हवी पण पानांच्या मध्ये नको. रुळ तिरपे घ्यावे लागले. चित्रकार दोन दिवस माझ्याशी कमी बोलली.

१ ऑक्टोबर
पऱ्हाटीला बोंडं फुटायला लागली. घरी सगळ्यांना सर्दी.

९ ऑक्टोबर
कच्ची चित्रं आली. प्रिंट काढल्या, कापल्या, मधोमध टाचल्या. पुस्तक झालं. म्हणजे पुस्तकासारखं काहीतरी. उलटून उलटून बाबांनी कोपरे मऊ केले. सातव्या जोडपानावर थांबले. "पिशवी नायलॉनची काढली. कापडी पाहिजे."

१४ ऑक्टोबर
दिवाळीनंतर तांड्यावरची काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. त्याआधी वर्गात वाचून घ्यायचं होतं. आज वाचलं.
बाभळीच्या पानावर मुद्दाम विचारलं, इथं गाडी येईल का?
"कशी येईन? बाभूय हाय ना."
कळंबला?
"तिथी येते."
तिथं रुळावर चालायचं का? माझ्याकडं कीव करून पाहिलं.
मग चौथं जोडपान. कापसाचं वावर, बाया वेचतायत, हातात टोपल्या. वर्ग उसळला. "टोपलीत कोन वेचते?" एक पोरगी उठली, ओढणी कमरेला बांधून ओटी करून दाखवली, दोन्ही हातांनी हवेतला कापूस वेचला, ओटीत टाकला. फोटो काढून पुण्याला पाठवला. टोपल्या उद्यापर्यंत जातील.
म्हाताऱ्याच्या पानावर शांत. मग एकानं विचारलं, चंपीनं काय खाल्लं? तिकीट, दुसरा म्हणाला. भाकर, तिसरा. भांडण.
ओळ नाही ते बरं केलं.

१९ ऑक्टोबर
शेजारच्या वावरात सीतादही. पांढरे दगड, दहीभात. मग वेचणी सुरू. क्विंटलच्या भावाचं कोणी नाव काढलं नाही, सणाचा दिवस म्हणून असेल.

२३ ऑक्टोबर
शेवटची ओळ छळतेय. "चंपी सापडली" लिहिलं. चित्रात चंपी आहेच समोर, मग ओळ कशाला. "दोघी घरी गेल्या." गेल्याच असतील. काढली. आता शेवटच्या पानावर एकच शब्द उरलाय, "म्याँऽऽ". करडू म्याँ करत नाही, असं संपादकबाईंचं म्हणणं. मी पहाटे उठून गोठ्याजवळ उभी राहिले. करतं.

८ नोव्हेंबर
तांड्यावर शुकशुकाट. बाकावरच्या म्हाताऱ्यासाठी ज्यांनी भांडण केलं त्यातला एक गेला. जाताना मला टाचलेली प्रत मागितली. दिली.

१९ नोव्हेंबर
निवडणुकीचं साहित्य ताब्यात घेतलं. रात्र मतदान केंद्रावर. पिशवीत मशीनचे कागद, त्यात चुकून आठव्या पानाची प्रिंट.

२१ नोव्हेंबर
झोप.

२ डिसेंबर
रंगीत चित्रं आली. गंजाचा रंग अगदी तोच. टोपल्या गेल्या, ओट्या आल्या. पिशवी कापडी. एकही चूक सापडेना, म्हणून बाबांच्या हातात दिली.

३ डिसेंबर
बाबा चष्मा लावून, भिंग घेऊन. नववं जोडपान, सिग्नलचा खांब. चित्रकारानं सिग्नलचा हात खाली झुकवलाय. मला आवडला होता. लाइन बंद, हात थकून पडला, असं काहीतरी मी स्वतःशी म्हटलंही होतं.
"हे चुकलं."
काय?
"हात खाली म्हणजे लाइन मोकळी. गाडी सुटली. पोरगी रुळावर आहे ना इथं? हात आडवा पाहिजे."
संपादकबाईंनी पाहिलं, मी पाहिलं, वर्गानं पाहिलं. कोणालाच कळलं नाही.
पुण्याला निरोप : पान अठरा, सिग्नल आडवा, तातडीचं.
उत्तर लगेच. "ताई, रंग वाळलाय. वरून कागद चिकटवून काढते. कावळा मग कुठं बसवू?"
बाबांना विचारलं. म्हणाले, आडव्या हातावर. तिथंच बसायचा.