छायेचा अंमल

ज्या घरात आपण वर्षानुवर्षे वावरतो, ज्याच्या उंबरठ्यापासून न्हाणीघरापर्यंतची वाट आपले पाय मध्यरात्री दिव्यावाचून बिनचूक चालतात, त्या घराचे खरे रूप आपण क्वचितच पाहिलेले असते. कारण तिन्हीसांजा होण्याआधीच हात बटणाकडे जातो आणि ट्यूबलाइटचा तो पांढरा, सर्वत्र सारखा, कोणाचीही भीडमुर्वत न राखणारा प्रकाश कोनाकोपऱ्यांतील छायेला एका क्षणात हद्दपार करतो. तेव्हा कृष्णधवल छायाचित्रांचा छंद जडलेल्या माणसाने घरात प्रथम काय करावे, असे कोणी विचारलेच, तर दिवा मालवावा, असे मी सांगेन.

नेरूळमधील आमचे घर सिडकोचे, दोन खोल्यांचे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाने खाडीपलीकडे नवे नगर वसवण्याची तजवीज केली, आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर सेक्टरांचे आकडे पडले, आणि काटकसरीने आखलेल्या इमारती उभ्या राहिल्या. जिन्याला सिमेंटची जाळी बसवली ती वारा खेळावा म्हणून, ओट्याला कडप्पा घातला तो स्वस्त पडतो म्हणून. पण छायाचित्रकाराला या दोन काटकसरींहून मोठी देणगी कोणी दिली नसती.

उजेडाचेही येथे एक पंचांग आहे. नेरूळ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर तो भर दुपारी किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा त्याचे दर्शनही घडत नाही. डिसेंबरात मात्र तो माध्यान्हीसुद्धा दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर चढतो, आणि ग्रिलच्या गजांची सावली फरशी ओलांडून दिवाणाच्या पायापर्यंत येते. तरीही माझा कौल आषाढालाच. ढगांतून गाळून आलेला तो उजेड खिडकीपाशी मवाळ असतो आणि चार पावलांत विझत जातो. एवढ्याशा खोलीत शुभ्रापासून काजळीपर्यंतच्या सगळ्या छटा त्यामुळे ओळीने उभ्या राहतात. कॅमेऱ्याला तिपाई मात्र हवी.

दुपारी भांडी आटोपून ओटा नुकताच पुसलेला असावा. ओल्या फडक्याचे अर्धवर्तुळाकार फटकारे अजून सुकत असतात, आणि त्यांवर खिडकीतला करडा उजेड पडला, की एकाच दगडात निरनिराळे काळे दिसू लागतात: कोरडा काळा, ओला काळा, तेलाच्या बरणीखालचा चिकट काळा, आणि शेगडीच्या बुडाशी, जिथे काहीच दिसत नाही, तो काळा. शेजारच्या स्टीलच्या डब्याच्या काठावर केसाएवढी पांढरी रेघ. साऱ्या चित्रात उजळ म्हणावे असे तेवढेच.

या ठिकाणी कॅमेऱ्याचे ऐकून चालत नाही. त्यातला प्रकाशमापक शिरस्तेदार कारकुनासारखा. समोर कडप्पा असो वा चुन्याची भिंत, दोघांचीही नोंद तो मध्यम करड्या रंगातच करणार. म्हणून त्याचा हुकूम मोडून एक्स्पोजर एक-दोन स्टॉपने उतरवावे. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची जी पद्धतशीर वर्गवारी केली, तिचे मर्म हेच, की कोणती छाया किती गडद राहावी, हे यंत्राने नव्हे, माणसाने ठरवावे.

आणि उजेड कमी पडलाच तर? ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाचा झोत स्टुडिओच्या अंधारात उतरवला, तो अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. आपल्याकडे लोखंडी कपाटाच्या दारावरचा आरसा असतो, दार अर्धे लोटले की आतल्या भिंतीवर ओंजळभर उजेड येतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. काळोख दिसला की त्याला दैन्याचा मुलामा देण्याची खोड पुष्कळांना असते. ओल आलेल्या भिंतीचा पोपडा टिपला, की कारुण्य साधले, अशी त्यांची समजूत. प्रागचा योसेफ सुडेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढत राहिला. आरंभीची वर्षे जर्मन अंमलाची. पण त्या धुकटलेल्या काचेत रडगाणे नाही. आपल्या घरांतला दुपारचा अंधार तर बहुधा वामकुक्षीचाच असतो: उशीला डोक्याचा खळगा, वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला चष्मा, पंख्याच्या वाऱ्याने हलणारे कॅलेंडरचे पान.

आईचा आक्षेप निराळ्या मुद्द्यावर आहे. ‘अरे, लोकांना वाटेल आपली लाइट कापलीय,’ ती म्हणते. आणि देवघराचे चित्र दाखवले तेव्हा तिने शांतपणे विचारले, ‘समई छान आलीय. देव कुठेत?’ प्रश्न रास्त होता. ज्योत सांभाळावी तर देव काळोखात जातात, देव राखावेत तर ज्योतीचा नुसता पांढरा डाग उरतो. आता तडजोड अशी ठरली आहे, की समई वीतभर मागे सरकवण्यास आणि खिडकीचे दार चार बोटे उघडे ठेवण्यास मला मुभा आहे. मूर्ती हलवण्यास सक्त मनाई.