घुमटाखालचे आकाश

गोंदिया हे धानाचे आणि राईस मिलचे शहर. हावडा–मुंबई लोहमार्गावरील या जंक्शनातून एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरकडे जातो, तर दुसरा नागभीडमार्गे बल्लारशाकडे. येथील व्यापारी कुटुंबांचा प्रवास बहुधा दोनच कारणांनी घडतो : माल आणि तीर्थ. पूर्वेकडे डोंगरगडचे चंद्रगिरी आणि पश्चिमेकडे रामटेकचे शांतिनाथ ही क्षेत्रे घरोघरी परिचयाची आहेत. पौष महिन्यात धानाची आवक ओसरली तेव्हा मात्र समाजातील काही कुटुंबे तिसऱ्याच कारणासाठी एकत्र निघाली. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात अवकाशसंशोधनावरील माहितीपट पाहण्याचे ठरले होते.

सकाळच्या गाडीत डबे उघडले गेले. थेपले, खाकरे, कांदा-बटाट्याविना केलेली कोरडी भाजी आणि उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या. तिरोड्याच्या वीजप्रकल्पाच्या उंच चिमण्या मागे पडल्या, पुढे वैनगंगेचा पूल आला. मुले खिडकीशी होती आणि मोठ्यांचे तांदळाच्या भावांविषयी बोलणे चालू होते.

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ हे केंद्र 1992 साली उभे राहिले आणि 1997 साली त्याला तारांगणाची जोड मिळाली. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, त्या चंद्रशेखर वेंकट रमण यांचा नागपूरशी आलेला संबंध व्यापारी मंडळींना विशेष जवळचा वाटावा असा आहे. ते 1907 साली सरकारी अर्थखात्यात हिशेबाच्या कामावर रुजू झाले आणि 1910 च्या सुमारास त्याच नोकरीत काही काळ नागपुरास होते. दिवसा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात ध्वनी व प्रकाश यांचा अभ्यास, असा त्यांचा क्रम दहा वर्षे चालला. 1917 साली ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते कोलकात्यात प्राध्यापक झाले. 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

घुमटाखाली दिवे मंदावले आणि खुर्च्यांवर रेललेल्या साऱ्यांच्या डोळ्यांसमोर आकाश उघडले. चंद्राचे सरासरी अंतर सुमारे 3,84,400 किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला सव्वा सेकंदाहून थोडी अधिक वाट. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. 1977 साली निघालेले व्हॉयेजर-1 हे यान 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. त्याच यानाने 14 फेब्रुवारी 1990 रोजी सुमारे सहा अब्ज किलोमीटरांवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले होते. त्यात आपले अवघे जग धुळीच्या कणाएवढे दिसते.

मग भारताचा प्रवास आला. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा तेथील चर्चची इमारत हीच कार्यशाळा होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. या कार्याचे प्रवर्तक डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या जैन व्यापारी घराण्यात 1919 साली जन्मले. कापडगिरण्यांच्या वैभवात वाढलेल्या या तरुणाने 1947 साली भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. गरीब देशाने आकाशाकडे का पाहावे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ होते : हे तंत्र सामान्य माणसाच्या उपयोगी पडावे. 30 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले, परंतु 1975–76 मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे 2400 खेड्यांत शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचले. त्यांत गोंदियाच्या पूर्वेकडील रायपूर भागातील गावेही होती. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या चांद्रयान-3 च्या अवतरकाचे नाव ‘विक्रम’ आहे. ते नाव ऐकताच घुमटाखाली टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्या तरी आठवीतील एका मुलाचा चेहरा गंभीरच राहिला. त्याच्याजवळ दोन वह्या होत्या. पाठशाळेच्या वहीत एक लाख योजने विस्ताराचे जंबूद्वीप होते, मध्ये मेरू, त्याभोवती फिरणारे दोन सूर्य आणि दोन चंद्र. शाळेच्या वहीत मध्यभागी सूर्य होता आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरत होती. दोन्ही वह्यांत त्याला पूर्ण गुण होते. त्या दोन वह्या त्याने आजवर एकत्र उघडल्या नव्हत्या. बाहेर झाडाखाली डबे सोडताना त्याने आजीला विचारले, “आजी, मग मेरू कुठे आहे?”

आजीनेच त्याला पाठशाळेचे पहिले धडे दिले होते. क्षणभर सारे गप्प झाले. एका काकांनी असले प्रश्न धर्मस्थानी विचारू नयेत असे सुनावले. दुसऱ्यांनी, आपल्या ग्रंथांत हे सारे आधीच सांगितले आहे, असे ठासून म्हटले. मुलाचे समाधान दोन्ही उत्तरांनी झाले नाही, हे आजीच्या ध्यानात आले.

“यानाने मोजले ते मला खोटे म्हणता येणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मेरू कुठे दाखवू, ते मला ठाऊक नाही. पण मला हे शिकवले, ते वाट काढण्यासाठी नव्हे. एवढ्या मोठ्या लोकात हा जीव किती भटकला, आणि मनुष्यजन्म किती अवघड, हे कळावे म्हणून. तू त्या दोन वह्या एकमेकींपासून लपवू नकोस. दोन्ही मला दाखव.”

आजींनी सांगितले ते परंपरेला धरूनच होते. बारा भावनांपैकी एक लोकभावना आहे. लोकाचा विस्तार चिंतनात आणावा, म्हणजे अहंकार आणि आसक्ती सैल होतात, हे तिचे प्रयोजन. अडीच द्वीपांत 132 सूर्य आणि तितकेच चंद्र अशी मोजदाद करणाऱ्या आचार्यांनी साधकाला त्या विराटापुढे उभे केले. दुर्बीण आणि अंतराळयान यांचा प्रश्न वेगळा आहे : एखादी वस्तू किती दूर आहे, कशाची बनली आहे, कशी फिरते? तेथे मोजमाप हाच प्रमाण. अनेकांताचा आधार घेऊन ही दोन वर्णने एकच आहेत असे म्हणणे सोपे असले, तरी ते खरे नाही. त्यांतील फरक मुलांपासून दडवला, तर मोठेपणी ती पाठशाळेची वही मुकाट्याने माळ्यावर टाकतील. घरात तो मोकळेपणाने बोलला गेला, तर दोन्ही वह्या हाताशी राहतील. अशा सहलीची कमाई तिकिटाच्या हिशेबात मावत नाही ती यासाठीच. एकट्याने पाहिलेल्या चित्रपटानंतर असा प्रश्न मनातच राहतो. तिन्ही पिढ्या शेजारी बसल्या म्हणून तो जेवणाच्या पंगतीत आला.

परतीच्या गाडीत चौविहार करणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले. हातपाय धुऊन, पाणी पिऊन, सारे शांत बसले. काकांनी मुलाला व्हॉयेजर अजून संदेश पाठवते का, असे विचारले आणि त्याने उत्साहाने सांगितले. गोंदिया स्थानकाबाहेर पूर्वेच्या आकाशात मृग नक्षत्र वर आले होते. आजींनी त्याची तीन ताऱ्यांची ओळ दाखवली. मुलाने त्याखालचा तेजस्वी व्याध दाखवून सांगितले, “तिथून निघालेला प्रकाश इथे यायला आठ वर्षांहून जास्त लागतात.” आजींनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला.