पाणी कुठवर आलंय?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशकात एकच प्रश्न फिरतो: पाणी कुठवर आलंय? क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण माणसं पूर मोजतात तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीच्या वर गेलं. फारच चढलं, तर बोलणं नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत जातं. सप्टेंबर २००८ मधला पूर इथला प्रत्येक जण अशाच खुणांनी सांगतो.

आमच्या बँडचं पहिलं मराठी सिंगल या प्रश्नावरच उभं आहे. तीन कडवी आहेत: गुडघा, कंबर, छाती. धृपदात फक्त तो प्रश्न. शब्द एका बैठकीत सुचले. खरं काम त्यानंतरचं, कारण रॉक बँडची खोड अशी की पहिल्याच मात्रेला सगळे एकदम तुटून पडतात. पूर असा येत नाही.

म्हणून वाद्यं थांबवून ठेवायची ठरवली. पहिल्या कडव्यात गळा आणि तळहाताने तारा दाबून वाजवलेली बास गिटार. दुसऱ्यात किक आणि हाय-हॅट. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर, जो रॉकचा कणाच, तो धृपद दुसऱ्यांदा येईपर्यंत राखून ठेवला. ड्रमर रुसला होता. तिसऱ्या कडव्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन गिटारी येतात. तोच तुकडा गिटारिस्टने दोनदा वाजवलाय. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी वाढत नाही, आवाज मधोमध जाड होतो. रुंदी येते ती दोन वादनांतल्या बारीक फरकातून.

घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं तर नाशकात गणपतीआधीचे दिवस कठीण. संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू होतो आणि नाशिक ढोलाचा ठोका भिंतीतून सरळ आत येतो. गोधड्या टांगल्या की खोलीतला घुमणारा तीव्र आवाज मरतो, खर्ज मात्र त्यांना जुमानत नाही. बास आणि गिटार थेट इंटरफेसमध्ये जोडून दिवसा घेतल्या. गळा रात्री उशिरा, मोहल्ला झोपल्यावर.

मराठी गाताना माइक वेगळेच प्रश्न विचारतो. ‘पाऊस’मधला स शिट्टी मारतो, ‘चढ’मधला च थुंकी उडाल्यासारखा येतो, आणि डिस्टॉर्शनच्या भिंतीमागे ‘ळ’ हरवतो. वरच्या पट्टीत ‘ई’ ताणली की गळा आवळतो, ‘आ’ मोकळा सुटतो. त्यामुळे कडव्यांच्या ओळी ‘आला’, ‘गेला’, ‘झाला’ अशा शेवटांवर आणल्या. अर्थासाठी निवडलेला शब्द गळ्याने नाकारला, तर मी गळ्याचं ऐकतो.

मिक्समध्ये मोह होतो तो सगळं मोठं करण्याचा. सीडीच्या काळात मास्टर जितका चेपून मोठा करता येईल तितका करायची शर्यत होती. आता स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) पातळीला आणून वाजवतं. तुम्ही मोठं दिलंत तर ते खाली ओढलं जातं. चेपलेपण तेवढं शिल्लक राहतं. तिसरं कडवं अंगावर यायचं असेल, तर पहिलं लहान ठेवण्यावाचून उपाय नाही.

गाणं तीन मिनिटांच्या आसपास बसलं. हे माप आपल्याला नवं नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारी नाट्यपदं बालगंधर्वांनी त्या मापात बसवली. काय गाळायचं हे ज्याला कळलं, त्याची तबकडी टिकली.

प्रकाशन म्हणजे शुक्रवार. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी. फॉर्म भरताना भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडली आणि गीतकार-संगीतकारांची नावं नीट लिहिली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का केला, पण नावच नोंदवलं नाही तर तो पोचायचा कसा?

पैशांचं म्हणाल, तर स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय एक स्ट्रीम मोजला जात नाही, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. यावरून अनेकांनी सल्ला दिला, धृपद आधी आणा, नाहीतर लोक पुढे सरकवतील. सल्ला व्यवहाराला धरून होता. आम्ही मानला नाही. तीस सेकंदांत पूर चढत नाही, आणि इथल्या हॉटेलांत वर्षानुवर्षं दुसऱ्यांची ओळखीची गाणी वाजवून झाल्यावर, निदान स्वतःचं गाणं तरी आपल्या चालीने चढावं एवढीच इच्छा होती.

तेव्हा ऐकाल, तर एक विनंती: पहिलं कडवं बारीक वाटलं म्हणून आवाज वाढवू नका. ते मुद्दाम तसं आहे.