बसलेला आवाज

मराठीच्या विद्यार्थ्याला सावनेर ठाऊक असते ते राम गणेश गडकऱ्यांच्या अखेरीमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी येथे देह ठेवला आणि 'एकच प्याला' त्यांच्या पश्चात, त्याच वर्षी रंगभूमीवर आले. आम्ही हे नाटक वर्षानुवर्षे शिकवले. सुधाकराच्या प्याल्यावर वर्गात चर्चा रंगते. त्याच वेळी फाटकाबाहेरच्या टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होत असतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण टपरीवरचे हे घोटणे काही थांबले नाही.

घशाच्या कर्करोगाच्या हिशेबात प्याला आणि पुडी वेगळे काढता येत नाहीत. तंबाखू एकटा घातक, दारूही घातक. दोन्ही एकत्र आली की धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. विडी-सिगारेटचा धूर स्वरयंत्राला सरळ भिडतो. (ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही त्यांनीही फार निर्धास्त राहू नये. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही कर्करोगांमागे पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो.)

आमच्या एका ज्येष्ठ सहाध्यापकांचा आवाज बसला तेव्हा त्यांनी दोष अध्यापनाला दिला. तीस वर्षे खडू आणि व्याख्याने, आवाज बसायचाच! ज्येष्ठमध झाले, हळदीचे दूध झाले. दोन महिन्यांनी एकच कान ठणकू लागला. कानात काहीच सापडेना, कारण दुखणे घशाचे होते; घशाच्या आणि कानाच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असल्याने वेदना भलत्याच जागी जाणवते. पुढे घास अडू लागला, वजन उतरले, मानेत न दुखणारी गाठ हाताला लागली. नागपुरात दुर्बिणीने घसा पाहिला, तुकडा काढून तपासला.

या रोगाचा विचित्र न्याय असा की गाठ थेट स्वररज्जूवर असेल तर आवाज लवकर बदलतो आणि पुष्कळदा रोग वेळीच हाती लागतो. तीच गाठ थोडी वर वा खाली असेल तर ती बराच काळ मूक राहते. म्हणूनच तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकलेला घोगरेपणा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा, असे डॉक्टर सांगतात. बहुतेक वेळा तो साधाच निघतो.

सरांचे स्वरयंत्र काढावे लागले. आता ते गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात आणि पाटीवर लिहून बोलतात. भेटायला आलेल्या कोणाचा आवाज जरा जड वाटला, की चहा येण्याआधी पाटी पुढे होते: "किती दिवस झाले?"