लाल तार आणि पिवळी तार

मोटारींत गाणें ऐकणें ही कांहीं आजची हौस नव्हे. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन बंधूंच्या कारखान्यानें मोटारीकरितां रेडियो विकावयास काढला, आणि त्यास दिलेलें 'मोटोरोला' हें नांव पुढें कारखान्यालाच चिकटलें. आमच्या गंगाखेडच्या घरीं ही हौस पुष्कळ उशिरां आली, वडिलांच्या मारुतीबरोबर. सायंकाळीं गाडी अंगणांत उभी करून, किल्ली अर्धी फिरवून, वडील आकाशवाणीचें परभणी केंद्र लावीत आणि आई शेजारच्या आसनावर बसून ऐके. घरांत रेडियो नव्हता असें नाहीं. पण गाडींत बसून ऐकण्यांत दोघांना कांहीं निराळेंच सुख वाटे. वडील गेले, आणि थोड्याच दिवसांनीं तो रेडियोही मुका झाला.

आईसाठीं नवा स्टीरिओ बसवावयाचें आम्हीं ठरविलें. विजेचें शास्त्र शाळेंत शिकलों होतों, पक्कड व चिकटपट्टी घरांत होती, मदतीस भाचा होता. मग कारागिराला पैसे कां द्यावे, असा मध्यमवर्गास शोभेलसा विचार आम्हीं केला.

यंत्राच्या पाठीमागून रंगीबेरंगी तारांचा झुबका निघालेला होता. त्यांतील आठ तारा चार स्पीकरांच्या. काळी तार गाडीच्या लोखंडी अंगाला, रंग खरवडून, घट्ट जोडावयाची; कारण विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचें सारें शरीरच. मुख्य अशा दोन उरल्या, पिवळी व लाल. पिवळी तार १२ व्होल्टच्या बॅटरीशीं अखंड जोडलेली असते. तिच्या जोरावर यंत्र झोपेंतही घड्याळ व लावून ठेवलेलीं केंद्रें लक्षांत ठेवतें. लाल तार मात्र किल्ली फिरविली म्हणजेच जिवंत होणाऱ्या ठिकाणीं जोडावी लागते. यंत्राला जागें करणें व झोपविणें हें तिचें काम.

हें सर्व ठाऊक असूनही आम्हीं लाल तार पिवळीलाच पीळ देऊन जोडली. कारण सांगतांना संकोच वाटतो. किल्ली आमच्या खिशांत असे. रोज सायंकाळीं आईनें ती मागावी व आम्हीं वाचन टाकून उठावें, हें आम्हांला नको होतें. लाल तार अखंड जिवंत राहिली कीं किल्लीचें कामच उरत नाहीं. "आतां तूं केव्हांही ऐक," असें आम्हीं तिला मोठ्या उदारपणें सांगितलें. जनाबाईच्या गांवीं जनाबाईचे अभंग बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हमधून ऐकूं येऊं लागले.

पंधरवडाभर गाडी रोज धांवत होती, म्हणून कांहीं कळलें नाहीं. यंत्राचा निळा दिवा रात्रीं दिसे, पण तो घड्याळाचा समजून आम्हीं सोडून दिला. नंतर चार दिवस गाडी अंगणांतच उभी राहिली, आणि पांचव्या दिवशीं आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं सकाळीं ८ वाजतां परभणीस पोहोंचावयाचें होतें. किल्ली फिरविली, तों नुसता 'टक्' असा आवाज झाला. शेजाऱ्यांनीं ढकलून गाडी चालूं केली खरी. परंतु आम्ही पोहोंचलों तेव्हां आईची पाळी टळून गेली होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

परततांना आई म्हणाली, "मी तर बंद केलं होतं रे. खुंटी पार डावीकडे फिरवली होती."

वडिलांच्या रेडियोची खुंटी डावीकडे शेवटपर्यंत फिरविली कीं 'खट्' असा आवाज होऊन तो बंद होई. नव्या यंत्रांत तेवढ्यानें आवाज शून्यावर येतो. यंत्र जागेंच राहतें. मुक्यानेंच तें अर्ध्या अँपियरच्या आसपास वीज खात होतें, आणि ३५ अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी व्हावयास तेवढें पुरे. लाल तार आपल्या जागीं असती, तर किल्ली काढतांच यंत्र झोपलें असतें. चूक आईच्या हाताची नव्हती.

त्याच रात्रीं विजेरीच्या उजेडांत आम्हीं लाल तार सोडविली आणि फ्यूजच्या पेटींत, किल्लीबरोबरच जिवंत होणाऱ्या जागीं, निराळा फ्यूज घालून जोडली. पिवळी होती तशीच ठेवली. ती रात्रंदिवस घेते ती वीज एका अँपियरच्या कांहीं सहस्रांशांएवढी. आठवण ठेवावयास इतकें थोडें लागतें. जागें राहावयास मात्र किंमत पडते, आणि ती कोणाला तरी द्यावी लागते. आम्हीं आपली किंमत बॅटरीवर ढकलली, आणि तिचा भार अखेर आईवर पडला.

तीन आठवड्यांनीं शस्त्रक्रिया झाली. आतां आईला स्वच्छ दिसतें. सायंकाळीं ती दारांतूनच हाक मारते, "किल्ली आण रे." आम्ही पुस्तक उपडें ठेवून उठतों, किल्ली अर्धी फिरवितों आणि वडिलांच्या जागीं बसतों. उठणें अद्यापि जिवावर येतें. परंतु तिला गाडींत एकटीला बसावयाचेंच नव्हतें, हें त्या पंधरवड्यांत आमच्या ध्यानीं कसें आलें नाहीं, याचें नवल वाटतें.