आईच्या नावावरचे झाड

आमच्या घरामागे अकरा फूट लांब आणि आठ फूट रुंद असा मातीचा एक तुकडा आहे. नाशिकच्या सिडको वसाहतीत, निदान आमच्या ओळीत, आता दुसरा असा तुकडा उरलेला नाही. १९८७ साली वडिलांनी हप्त्यांवर हे घर घेतले, तेव्हा प्रत्येक घरामागे थोडी मोकळी जागा होती. पुढे मुले मोठी झाली, लग्ने झाली, जो तो भिंत मागे सारत गेला. आमची माती तेवढी राहिली, कारण तिच्यात आईचे आंब्याचे झाड उभे आहे.

१९९१ साल होते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे दिवस. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे. जूनमध्ये आई माहेरी, दिंडोरी तालुक्यात गेली होती. येताना पिशवीतून रायवळ आंबे घेऊन आली. आंबे आम्ही भावंडांनी चोखून संपवले. कोयी मात्र तिने मोजून परत घेतल्या.

त्या आंब्याची कथा आम्हाला फार पुढे कळली. माहेरच्या गावात वाटेवर एक जुने झाड होते. आईच्या लहानपणी वाऱ्याने पडलेला आंबा आपल्या वस्तीतल्या पोरांनी उचलला तर मालकाच्या गोफणीचा दगड यायचा. एकदा आईच्या ओच्यातले आंबे तिलाच परत झाडाखाली टाकायला लावले. गंमत अशी, की ते मग कोणीच उचलले नाहीत. आपल्या पोरीचा हात लागला होता ना! तिथेच सडले. आई हे सांगताना रडत नाही. "चौदा होते," एवढेच म्हणते.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच तालुक्यातल्या आंबे गावचे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी १९५९ साली सत्याग्रह केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून पुन्हा केला. दुसऱ्या खेपेला आईचे वडील तुरुंगात जाऊन आले. जमीन काही त्यांच्या वाट्याला आली नाही. आई मागच्या त्या तुकड्याला 'आपलं वावर' म्हणायची, तेव्हा आम्ही हसायचो.

आईने कोयी धुऊन आठवड्याच्या आत मातीत घातल्या. हे तिला कोणी शिकवले ठाऊक नाही, पण बरोबर होते. आंब्याची कोय वाळली की तिच्यातला जीव लवकर जातो. ठेवून पुढच्या वर्षी लावू म्हटले तर उगवत नाही. डालडाच्या डब्यात तीन कोयी उगवल्या, तांबूस पाने आली. एक बकरीने खाल्ली, एक आमच्या चेंडूने मोडली. तिसरी आईने सोटमूळ वाढायच्या आत मागच्या खड्ड्यात लावली. नळाला पाणी दिवसातून थोडाच वेळ यायचे. म्हणून भाज्या धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी त्याला. वडील कारखान्यातून येऊन हातपाय धुवायचे तेसुद्धा त्याच्याच आळ्यात उभे राहून.

आठ वर्षांनी, १९९९ साली, पहिल्यांदा सात आंबे लागले. आईने गवताच्या आढीत पिकवले, वडिलांच्या हातावर पहिला ठेवला. त्यांनी चाखला आणि त्यांचा एक डोळाच मिटला. इतका आंबट! कोयीपासून वाढलेल्या झाडाचे फळ मूळ झाडासारखे निघेलच असे नसते, कारण मोहोरावर पराग कोणत्या झाडाचा आला हे कोणाला माहीत? जन्मावरून गुण ठरवणाऱ्यांनी एकदा कोय लावून बघावी. आई मात्र नाराज झाली नाही. "लोणच्याला चांगला," ती म्हणाली.

आणि खरोखरच! कैरी कडक, दळदार, आंबट. आई अडकित्त्याने बाठ्यासकट फोडी करते, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवते. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि गार केलेले तेल घालून बरणीचे तोंड फडक्याने बांधते. आमच्या विहारातल्या वर्षावासाच्या भोजनदानात हे लोणचे ठरलेलेच. रस मात्र दुपारनंतर. विनयात भिक्खूंना माध्यान्हानंतर चालतात अशी आठ प्रकारची पेये सांगितली आहेत, त्यांत आंब्याचा रस आहे. गाळलेला हवा, चुलीवर चढवलेला नको. आषाढी पौर्णिमेपर्यंत झाडावर चार पिके आंबे टिकले तर आई ते त्यासाठी राखते. आंबट रस भन्तेजी कसा पितात ते त्यांनाच माहीत. साखर आम्ही भरपूर घालतो.

शेजारच्या काकूंना आई दरवर्षी डझनभर कैऱ्या द्यायची. त्या आनंदाने घेत. एकदा सहज म्हणाल्या, "फळाला काय हो विटाळ!" आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि चळवळीत नुकतेच पडलो होतो. आम्ही तापलो. आईने त्याच वर्षी मुद्दाम वाटीभर लोणचे पाठवले. वाटी घासून, साखर घालून परत आली. लोणचे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पत्नीने (लग्नाआधी ती याच ओळीत राहत होती) घंटागाडीत पडताना पाहिले. आम्ही म्हणालो, यापुढे एक कैरी द्यायची नाही. आईने दिल्या. वर म्हणाली, "कैऱ्या घेते ना ती? मग तिच्या बरणीत आपलंच झाड हाय." आम्हाला हे तेव्हा पटले नव्हते आणि आजही पुरते पटलेले नाही. काकू गेल्या. त्यांचा नातू आमच्याकडे बरणीत बोट घालून मसाला चाटतो.

२०२४ साली प्रश्न उभा राहिला. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे, दूरदर्शन संच, आम्हाला भेटायला येणारे कार्यकर्ते. तिने अभ्यास कुठे करायचा? मिस्त्री मागे बघून म्हणाला, "झाड काढलं तर झकास खोली निघते." आम्ही पडलो कारकून, बी. कॉम. झालेले. कागदावर जमाखर्च मांडला. रायवळ झाड एक वर्ष लदते, एक वर्ष रुसते. कैऱ्यांची बाजारभावाने किंमत काढली आणि समोर खोलीचे भाडे लिहिले. झाड तोट्यात निघाले.

आईला विचारण्याचे धैर्य होईना. तिनेच दोन दिवसांनी जेवताना सांगितले, "तोडा. पोरीला खोली पाहिजे."

कोणी घास उचलला नाही. मग मुलीने विषय काढला तो सम्राट अशोकाचा. अलाहाबादच्या स्तंभावर एक लहानसा लेख आहे, म्हणाली, त्याला राणीचा लेख म्हणतात. अशोकाने सगळीकडच्या महामात्रांना आज्ञा केली आहे, की दुसऱ्या राणीने आमराई, बाग, दानशाळा असे जे काही दान दिले असेल ते तिच्याच नावे मोजावे. तीवराची आई कारुवाकी, असे तिचे नावही कोरले आहे. रस्त्याच्या कडेने वड आणि आमराया लावल्याचे अशोकाने दुसऱ्या लेखात स्वतःच सांगितले आहे. ते आम्ही भाषणांतून अनेकदा सांगतो. राणीचा लेख मात्र आम्ही कधी वाचला नव्हता.

"घर आजोबांच्या नावावर होतं, आता तुमच्या नावावर आहे," मुलगी म्हणाली. "आजीच्या नावावर काय आहे, बाबा?"

आम्ही जमाखर्चाचा कागद खिशात घातला.

खोली वर घेतली. स्वयंपाकघराच्या स्लॅबवर, नऊ बाय सात, भिंती विटांच्या, छत पत्र्याचे, कारण पतपेढीने दिलेले कर्ज तेवढ्यातच संपले. दोन फांद्या आड येत होत्या. झाड आपल्याच अंगणातले असले तरी शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ च्या कायद्याने त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. फांद्यांसाठीसुद्धा आम्ही महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज दिला, मगच हात लावला. चळवळीतल्या माणसाने कागद चोख ठेवावा.

ज्यांच्याकडे अजून थोडी माती आहे त्यांनी आमच्यासारखी कोय लावून आठ वर्षे थांबू नये. खात्रीच्या रोपवाटिकेतून केशरचे कलम आणावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली एक जात ठेंगणी राहते, लहान जागेला बरी. तिचे नाव आम्रपाली. वैशालीच्या ज्या आम्रपालीने आपली आमराई संघाला दान दिली, तिचेच. उन्हाळ्यात तीन फूट खोल खड्डा घेऊन तापू द्यावा, कुजलेले शेणखत आणि मातीने भरावा, पावसाच्या सुरुवातीला लावावे. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या आणि सांध्याखालून येणारी फूट काढत जा, नाहीतर खालचे रायवळच वाढते. पहिली तीन वर्षे मोहोर आला तर खुडून टाकावा. जीवावर येते, पण खुडावा. मोठ्या झाडाचे पाणी दिवाळीनंतर तोडावे, म्हणजे मोहोर चांगला येतो. नाशिकच्या थंडीत मोहोरावर भुरी येते, तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. आणि झाड भिंतीपासून, ड्रेनेजच्या पाइपापासून दूर लावा. हे आम्ही दोनदा पाइप बदलून शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात झाड लदले होते. रात्री वारा सुटला की वरच्या पत्र्यावर कैरी पडते. धाडकन आवाज होतो, मग घरंगळत मागे माती. मुलगी खालती येऊन कुरकुरते, की अशात कसला अभ्यास होणार. आई अंथरुणावर पडल्या पडल्या आवाज मोजत असते. सकाळी चहाच्या आधी टोपली देते आणि सांगते, "अकरा सापडल्या पाहिजेत."