हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला, की बँकेच्या पायऱ्यांवर वृद्धांची रांग लागते. आपण हयात आहोत, एवढेच त्यांना सिद्ध करायचे असते. त्या रांगेत एक निवृत्त शिक्षक दरवर्षी उभे राहतात; खिशात पासबुक आणि आधाराला मुलगा. मुलगाही शिक्षकच. जिल्हा परिषदेची शाळा तीच, फळाही तोच. अंतर पडले ते एका तारखेने. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर जे राज्याच्या सेवेत आले, त्यांच्यासाठी जुने निवृत्तिवेतन संपले. दरमहा पगारातून अंशदान कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि उरलेले बाजाराच्या स्वाधीन करायचे, अशी नवी रीत आली.

निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा नव्हे, तो सेवेतून उपजलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नाकारा खटल्यात म्हटले होते. निवृत्तांची केवळ एका तारखेने विभागणी करणे समतेला धरून नाही, असाही तो निर्णय होता. वडिलांनी त्याचे कात्रण जपून ठेवले आहे. मार्च २०२३ मध्ये मुलगा जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेला, तेव्हा त्यांनी ते त्याच्या हाती दिले.

मुलाने ते वाचले आणि विचारले, "अण्णा, पण तुमचे पैसे येतात कुठून?"

प्रश्नात उर्मटपणा नव्हता. जुन्या व्यवस्थेत निवृत्तांसाठी वेगळी गंगाजळी साठवलेली नसते. चालू वर्षाच्या तिजोरीतूनच त्यांचे वेतन निघते. मुलाने भरलेल्या कराचा एक कण वडिलांच्या पासबुकात उतरतो. मुलाला तोच हक्क मिळाला, तर त्याचा भार आज पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या नातीवर जाईल. तिला मात्र कोणी विचारलेले नाही.

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आपल्या धुणेवाल्या मावशी?"

त्याही त्याच रांगेत असतात, मागे. दारिद्र्यरेषेखालच्या साठीपुढील वृद्धांना केंद्राकडून मिळतात ते महिना २०० रुपये. ऐंशी ओलांडल्यावर ५००. वर राज्य घालील ते. साबण-तेलावरचा कर त्यांनीही जन्मभर भरला. त्या कष्टांना सेवा म्हणून कोणी नोंदवले नाही, इतकेच.

यंदा यंत्राने मावशींचा अंगठा ओळखला नाही. पाण्यात झिजून रेषा पुसल्या होत्या. गुरुजींचा दाखला झाला होता. तरी ते घरी निघाले नाहीत. मुलाला त्यांनी मावशींच्या शेजारी उभे केले आणि स्वतः पायरीवर बसून राहिले.